बोरीखाली ठेवलेला चाकू

माझ्या मामेभावाने, बबनने, माझा चाकू लाटला. बोरीखाली, दिवसाढवळ्या, माझ्या डोळ्यांसमोर. या गोष्टीला आता चाळिसाच्या वर वर्षे झाली, आम्ही दोघेही नातवंडांचे आजोबा झालो, एकमेकांच्या घरची लग्नकार्ये पार पडली. तरी हे वाक्य मी आजही असेच म्हणतो, त्यातला एक शब्द कमी करत नाही.

चाकू मामांचा होता. सांबरशिंगाची मूठ, तपकिरी, खडबडीत, आणि जिथे अंगठा टेकायचा तिथे मात्र झिजून लोण्यासारखी गुळगुळीत झालेली… दोन पाती, एक मोठे, एक करंगळीएवढे. मोठ्या पात्याच्या बुडाशी कसलीशी परदेशी अक्षरे होती, ती घासून घासून इतकी पुसट झाली होती की उन्हात तिरपी धरल्याशिवाय दिसत नसत. नगरच्या छावणीतल्या कुणा म्हाताऱ्या शिपायाकडून मामांच्या वडिलांनी तो मिळवला होता. पाते मिटताना होणारा तो खटका – कोरडा, नेमका – मी अजून कानात बाळगून आहे. त्याला वास होता. गोडेतेलाचा, हिरव्या सालीचा, थोडासा तंबाखूचा. पुढे कुठे मामांच्या सदऱ्याजवळून गेलो की मला आधी चाकू आठवायचा, मग मामा.

माझे आईवडील शेवगावकडून दर साली ऊसतोडीला जात. शाळा बुडू नये म्हणून मला घोडेगावच्या अलीकडे, मामांच्या गावी ठेवले होते. मामी वाईट नव्हती. भाकरी मोजून वाढली असे मी म्हणणार नाही. पण परक्या घरात वाढणाऱ्या पोराला एक गोष्ट कुणी न शिकवता समजते – आपण आधी हात पुढे करायचा नाही. गुळाचा खडा असो, पेरू असो, सणाची नवी चड्डी असो; बबनने घेतल्यावर जे उरेल त्याच्याकडे पाहायचे, आणि तेही फार वेळ पाहायचे नाही.

बबनचा मला हेवा वाटायचा. सरळ सांगतो, लाजण्याचे वय गेले. त्याच्या चपलेचा नाही, त्याच्या सायकलीचाही नाही. बाजाराहून आल्यावर मामा ओसरीवर टेकत आणि बबन “आप्पा” म्हणत मागून त्यांच्या पाठीवर पडे, त्यांच्या खिशात हात घालून शेंगदाणे काढी, न विचारता… त्या न विचारण्याचा मला हेवा वाटे. माझा बाप सहा महिने कुठल्या तरी कारखान्याच्या तळावर असायचा. बबनचा बाप रोज संध्याकाळी घरी यायचा.

मामा बैलांचे व्यापारी. घोडेगावच्या बाजारात ते मला बरोबर नेत. शेण, धूळ, भेळीचा कांदा, शिंगांना लावलेल्या रंगाचा उग्र वास, आणि त्या गर्दीत दोन माणसे एका उपरण्याखाली हात घालून गप्प उभी – वर चेहरे दगडाचे, खाली बोटे भाव बोलतायत. मामांनी तिथेच मला सौदा शिकवला. बैल आवडला तरी त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे. गरज दाखवायची नाही. समोरच्याला बोलू द्यायचे. आज रोपवाटिकेत माझ्याशी घासाघीस करायला माणसे घाबरतात, ती विद्या त्या धुळीतली आहे.

पण मामांचा खरा जीव बोरींवर. बांधावरच्या रानबोरी ते उन्हाळ्यात बुडाशी छाटत. पावसाने नवे फोक फुटले, साल सुटायला लागली, की गोड बोरीच्या फांदीवरून पानाच्या बेचक्यातला डोळा सालीसकट काढून या फोकात भरायचा. सालीला उभी-आडवी चीर, करंगळीएवढ्या पात्याने कड उचलायची, डोळा आत सरकवायचा, पट्टी बांधायची. सगळे चार श्वासांत. बबनला कंटाळा यायचा. तो मधमाश्यांना खडे मारत बसे. मी उकिडवा बसून मामांचा अंगठा पाहायचो. चाकूला धार मी लावायचो, तेल मी द्यायचो, खटक्यातली माती काडीने मी काढायचो.

एका पावसाळ्यात मामांनी आम्हा दोघांना एकेक फोक दिला. बबनचा डोळा आठवड्यात काळा पडला. माझा हिरवा राहिला, आणि एका सकाळी त्यातून तांबूस, लवदार, उंदराच्या कानाएवढी दोन पाने बाहेर आली… मामा वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी चाकू धोतराच्या सोग्याला पुसला, मिटला, आणि आम्हा दोघांच्या मध्ये जमिनीवर ठेवला.

आमच्याकडे चाकू कुणी कुणाच्या हातात देत नाही. हातात दिला तर भांडण होते म्हणतात. खाली ठेवायचा, ज्याला द्यायचा तो उचलतो.

"उचल," मामा म्हणाले. पाहत होते त्या दोन पानांकडे.

मी उचलला नाही. एक क्षण. फक्त एक क्षण – मामांनी माझे नाव घ्यावे, एवढ्यासाठी. गरज दाखवायची नाही हेही त्यांनीच शिकवलेले, आणि आधी हात न घालणे तर अंगातच मुरलेले. तेवढ्यात बबनचा हात आला. त्याने उचलला, खिशात टाकला आणि पळाला. मामांनी त्याच्या पाठमोऱ्या अंगाकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "चल, बैलांना पानी दाखवू."

पुढे बबनने त्या चाकूने सोड्याच्या बाटल्या उघडल्या, सायकलचे टायर उचकटले. लहान पात्याचे टोक मोडले तेव्हा मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. धार गेली की बबन चाकू माझ्यापुढे जमिनीवर ठेवायचा, मी पाजवून पुन्हा जमिनीवर ठेवायचो, आणि तो उचलायचा. प्रत्येक वेळी.

दहावीनंतर मी डोक्यावर रोपांची टोपली घेऊन बाजार फिरलो. आज रस्त्याला लागून माझी रोपवाटिका आहे, कुणाच्या उपकाराची नाही. जुने खिशातले चाकू जमवतो. नगरच्या भंगारवाल्यांकडे, आठवडेबाजारातल्या धार लावणाऱ्या चाचांकडे, म्हाताऱ्या न्हाव्यांच्या पेटीत जे सापडतात ते भांडून, रुसून, तीनदा उठून जाऊन आणतो. पितळी मुठीचे, हस्तिदंती, एक तर शिंपल्याच्या मुठीचा. कपाटात ठेवत नाही, वापरतो. लिंबाला एक, आंब्याला एक, पेरू खायला एक. लोक म्हणतात छंद आहे. असेल. मला प्रत्येक मूठ हातात घेतल्यावर अंगठ्याखाली एक झिजलेली जागा हवी असते, ती कुठेच नसते.

गेल्या महिन्यात बबनच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत झाली. दिवाणखान्यात काचेचे शोकेस, आणि त्यात मखमलीवर तो. गंजलेला. खटका बसलेला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी जन्मात पहिल्यांदा सौद्यात आधी बोललो – माझ्याकडचे कुठलेही पाच घे, शिंपल्याचासुद्धा, हा दे.

बबन हसला नाही. "न्हाई देनार," म्हणाला.

"वापरत तरी जा मग. कुजवलास तू त्याला."

"कसा वापरू? आप्पांनी नेमका कुनापुढं ठिवला हुता, ते मलाबी ठाव न्हाई. तू हालला न्हाईस, म्हनून म्या उचलला. तवापासनं इचारीन म्हनतो, पन जीभ उचलत न्हाई."

म्हणजे त्याला शंका होती. चाळीस वर्षे शंका होती आणि चाकू खिशात होता. हे ऐकून राग उतरेल असे कुणाला वाटत असेल, तर तो मला ओळखत नाही. मी त्याला तिथेच, पाहुण्यांदेखत, चोर म्हणालो. जेवलो नाही. अंगणात मामा खाटेवर होते – नव्वदीचे, सडपातळ, कान अजून तिखट. आमचे सगळे त्यांनी ऐकले होते. मी पुढे गेलो तर म्हणाले, "बोरींना यंदा भार चांगला हाय."

मामा, हे छापून आले की तुमची नात तुम्हाला वाचून दाखवील. बबनचा चाकू मला नको. गंज काढायला माझ्याकडे हात आहेत, पण तो आता त्याच्याच काचेत राहू दे. मला फक्त नाव हवे आहे. पोटचा म्हणून त्याचे घ्यायचे असेल तर त्याचे घ्या, मी ऐकून घेईन. पण बैल, भार, पाणी पुरे झाले. त्या सकाळी "उचल" म्हणालात, ते कुणाला?