बारावा सामना

टेबलावर आडवं होण्याआधी तो पुढचे दोन खोटे दात काढायचा, कागदी कपात टाकायचा आणि कप माझ्या हातात द्यायचा. "जपून ठेव. यांच्याशिवाय बायको घरात घेत नाही." मग खांदा माझ्या हवाली करून छताकडे बघत पडायचा. कितीही दुखलं तरी त्याचं उत्तर एकच, "इंगेन फारा." त्याच्या भाषेत, काळजीचं काही नाही.

मी नागपूरची फिजिओथेरपिस्ट. तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अल्फारेटा गावात एका क्लिनिकमध्ये वर्क व्हिसावर होते. बर्फावर हॉकी खेळतात हेच मला तिथे गेल्यावर कळलं. ऑक्टोबरातसुद्धा गाडीत एसी लावावा लागतो अशा भागात, बंद स्टेडियममध्ये बर्फ थापून धिप्पाड माणसं एकमेकांना भिंतीवर आपटताना पहिल्यांदा बघाल, तर तुम्हालाही वाटेल की कोणीतरी आपली गंमत करतंय. खालच्या लीगचा एक छोटा संघ आपले मोडलेले खेळाडू आमच्याकडे पाठवायचा. त्यातला हा एक, स्वीडनचा बचावपटू, वय एकतीस.

त्याचं गाव पार उत्तरेला. वडील कागदाच्या कारखान्यात, आई शाळेच्या स्वयंपाकघरात. अठराव्या वर्षी अमेरिकेतल्या वरच्या लीगच्या एका संघाने त्याला निवडलं, तेव्हा गावच्या पेपरात पहिल्या पानावर फोटो आला होता. त्यानंतरच्या तेरा वर्षांत वरच्या लीगमध्ये तो एकूण अकरा सामने खेळला. बाकी सगळा काळ छोटी गावं आणि लांबलांब बसप्रवास. कोणी विचारलं की दोन्ही हातांची बोटं पसरायचा, मग एक बोट पुन्हा वर करायचा. "अकरा. बारावा राहिलाय."

शेजारच्या टेबलावर पुण्याचे एक काका यायचे. मुलाकडे राहायला आलेले, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. एकदा मला म्हणाले, "अगं, एवढा आडदांड माणूस. याला मारतं तरी कोण?"

मी त्याला सांगितलं. तो हसून म्हणाला, "त्यांना सांग, रांग लागलेली असते."

काकांकडून तो एक मराठी शब्द शिकला, 'बास'. स्वतःसाठी त्याने तो कधीच वापरला नाही. मी काकांचा गुडघा वाकवायला लागले आणि काका रडकुंडीला आले, की पलीकडून हा ओरडायचा, "काका, बास!" आणि काकांना दुखता दुखता हसू फुटायचं.

त्या खेळात एक प्रकार आहे. दोन खेळाडू हातमोजे फेकून देतात आणि ठोसे मारत सुटतात. कोणीतरी खाली पडेपर्यंत पंच बाजूला उभे राहतात. प्रत्येक संघ त्यासाठी एखादा माणूस ठेवतोच. हा आला होता सुंदर स्केटिंग करणारा म्हणून. पण कोचने त्याला सांगितलं होतं, "सुंदर खेळणारे माझ्याकडे भरपूर आहेत. तू मोठा आहेस. तू मार." वर जायचा दुसरा रस्ता उरलेला नव्हता. तो मारायला लागला.

एका शनिवारी आम्ही चार मराठी कुटुंबं मिळून सामना बघायला गेलो. दुसऱ्याच सत्रात त्याने हातमोजे टाकले. समोरच्याचं हेल्मेट उडालं, तो गुडघ्यावर आला. याने त्याची कॉलर धरली आणि आणखी तीन ठोसे मारले. बर्फावर रक्त सांडलं. सगळं स्टेडियम उभं राहिलं. माझा नवरा ओरडला, "मार यार, मार!" मीही उभी होते. रोज ज्या खांद्याला मी इंच इंच वर उचलत होते, त्याच खांद्यातून ते ठोसे सुटत होते, आणि मला, सांगायला लाज वाटते, अभिमान वाटला.

सोमवारी विचारलं, "तो कोण होता?"

"माझा जुना रूममेट. त्याच्या लग्नात मी त्याच्या शेजारी उभा होतो."

"मग?"

"त्यालाही त्याच्या कोचने तेच सांगितलेलं. आम्ही आधी फोनवर बोलून घेतलं. तो म्हणाला, नाकावर नको मारू, दोनदा ऑपरेशन झालंय."

"आणि तू?"

"नाकावरच मारलं." तो छताकडे बघत होता. "कोच बघत होता ना."

त्या हिवाळ्यात एकदा तो सकाळी दहाला येऊन गेला आणि दुपारी दोनला पुन्हा आला. सकाळी आल्याचं त्याला आठवतच नव्हतं. मग ट्यूबलाइट बंद करायला सांगू लागला. एकदा बोलता बोलता बायकोच्या नावाशी येऊन अडला. मी म्हटलं, "आता डोक्याच्या डॉक्टरला दाखवायचं. मी रिपोर्टमध्ये लिहिते."

तो ताडकन उठून बसला. "वरच्या संघाचे दोन बचावपटू जखमी झालेत. या आठवड्यात मला फोन येईल. तू डोक्याबद्दल लिहिलंस तर तो दुसऱ्याला जाईल."

"तुला काही झालं तर?"

"ते झालंय आधीच. आता निदान खेळू दे."

मी क्लिनिकच्या मालकिणीकडे गेले. सगळं सांगितलं. ती कॉम्प्युटरवरून नजर न हलवता म्हणाली, "त्यांनी आपल्याकडे खांदा पाठवलाय, डोकं नाही. खांदा बरा आहे?"

"आहे."

"मग तेवढंच लिही."

माझ्या ग्रीन कार्डचे कागद त्याच महिन्यात तिच्या सहीसाठी पडून होते. मी लिहिलं, खांदा पूर्ण बरा, खेळण्यास हरकत नाही. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता.

फोन आला. त्याने मला उचलून गरकन फिरवलं.

सामना आम्ही घरी टीव्हीवर बघितला. दोन सत्रं तो बाकावरच बसून होता. तिसऱ्यात कोचने त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि कशासाठी मारली ते बघणाऱ्या प्रत्येकाला कळलं. समोर दहा वर्षांनी लहान खेळाडू होता. त्याचा एकच ठोसा बसला. हा सरळ मागे कोसळला. पडताना माणूस आपोआप हात पुढेमागे करतो. याचे हात जागचे हललेही नाहीत. डोकं बर्फावर आपटल्याचा आवाज टीव्हीतून ऐकू आला. तो क्षण चार वेळा दाखवला, चार बाजूंनी. चौथ्या वेळी कॉमेंटेटरने ठोसा मारणाऱ्याच्या उजव्या हाताचं कौतुक केलं. नवऱ्याने टीव्ही बंद केला.

तो हॉस्पिटलमध्ये असतानाच क्लबचं पत्र आलं, करार संपल्याचं. करार संपला म्हणजे व्हिसाही संपला. बायकोने एकटीने घर आवरलं.

जाण्याआधी ती त्याला क्लिनिकमध्ये घेऊन आली. काळा चष्मा, सैल झालेले कपडे. त्याने माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "मी वर खेळलो का?"

बायको खिडकीबाहेर बघू लागली.

"खेळलास."

"कसा?"

"छान."

"परत बोलावलं त्यांनी?"

"अजून नाही."

त्याने मान डोलावली. "बोलावतील."

दोन वर्षांनी, माझं ग्रीन कार्ड आलं होतं आणि मी त्याच क्लिनिकची मॅनेजर झाले होते तेव्हा, त्याच्या बायकोची ईमेल आली. तो गावी आईजवळ असतो. दिवसासुद्धा पडदे लावून खोलीत बसतो, स्टोव्ह पेटवला की विसरतो. तिकडच्या डॉक्टरांना आणि भरपाईचा दावा लावणाऱ्या वकिलाला एक गोष्ट हवी होती. तिने लिहिलं होतं, 'त्या सामन्याच्या आधीच काही लक्षणं होती का? तुला काही दिसलं होतं का? कुठे लिहून ठेवलं होतंस का?'

मी त्याची फाइल काढली. उघडायची गरज नव्हती, तरी उघडली. तीन दिवस रोज उत्तर लिहायला बसले आणि रोज खोडलं. चौथ्या दिवशी लिहिलं, 'आमच्या नोंदींत फक्त खांद्याचा उल्लेख आहे.'

तासाभरात तिचं उत्तर आलं. मनापासून आभार मानले होते. खाली एक ओळ होती, 'अमेरिकेत आपल्याशी खरं बोलणारी तू एकटीच होतीस, असं तो सगळ्यांना सांगतो.'