सीलबंद पेटी उन्हात राहिली

"मॅडम, हाथ का माल है. फेल!" तपासणीला आलेले रेड्डी सर टार्गेटवर बोट ठेवून म्हणाले. सकाळच्या गोळ्या मधोमध लागल्या होत्या. दुपारच्या सगळ्या चार बोटे वर.

रायफलच्या काडतुसांचा नवा नमुना आमच्या कंपनीत आधी हाताने भरतात. पितळी कोशात बारूद तोलून घालायची, वर गोळी बसवायची. हा लॉट मी भरला होता. मी प्रोबेशनवर होते. लॉट फेल म्हणजे नोकरी गेली. भालकीला आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेले नाही. मुलाखतीत माझे इंग्रजी अडखळले, तरी मॅनेजर खानसाहेबांनी मला घेतले होते. आता तेही मान खाली घालून उभे होते.

मी कडुलिंबाखालच्या फायरिंगच्या टेबलाकडे गेले. जुम्म्याची नमाज आणि जेवण यासाठी फायरिंग थांबले, तेव्हा काडतुसांच्या दोन पेट्या तिथेच राहिल्या होत्या. रेड्डी सरांचे लाखेचे सील असलेल्या पेटीला कुणी हात लावायचा नसतो. कडुलिंबाची सावली मात्र सरकली होती. एक पेटी अजून उघडायची होती. मी तिच्या सीलवर नख टेकवले. ते आत रुतले.

"सील कू हात नक्को लगाओ!"

"सर, आपका सील पिघल रहा है. अंदर का बारूद ठंडा कैसा रहता?"

तापलेली बारूद जोरात जळते. गोळी जास्त वेगाने सुटते आणि वर लागते. गरम हवा विरळ असते, तिचाही थोडा हातभार लागतो. पण रिपोर्टवर फक्त हवेचे तापमान होते, तेही ऑफिसच्या व्हरांड्यातले.

"गर्मी का बहाना?" रेड्डी सर हसले.

"साबित करके दिखाव, बेटा," खानसाहेब म्हणाले.

सरांसमोर पेटी उघडली. निम्मी काडतुसे ठरावीक तापमानाच्या कपाटात ठेवली, निम्मी पुन्हा उन्हात. दुसऱ्या दुपारी तीच रायफल, तीच हवा. फायरिंगआधीच मी टार्गेटवर दोन गोल काढले: कपाटातल्यांचा मध्ये, उन्हातल्यांचा वर.

एकही गोळी गोलाबाहेर गेली नाही.

रेड्डी सरांनी दोन्ही गोलांतली भोके मोजली. "मेरेकूच हौला बना दिए," असे स्वतःलाच वेड्यात काढत त्यांनी पासची सही केली. खाली स्वतःच्या हाताने लिहिले: यापुढे काडतुसे फायरिंगपर्यंत कपाटातच.

"अब सील कू छतरी भी देना पडता," खानसाहेब म्हणाले. संध्याकाळी त्यांनी माझे कन्फर्मेशन पुढे पाठवले.

तेव्हापासून एक सवय लागली आहे. माल फेल झाला की कोणी भरला हे मी नंतर विचारते. आधी विचारते, कुठे ठेवला होता.