दुसऱ्याची रेघ

"ही रेघ कुठून आणलीत?" माझा कागद खिडकीच्या उजेडाकडे धरून बाई विचारायच्या.

"शाळेतून. आमच्याकडे ती अक्षरांच्या डोक्यावर असते."

"मग तिथेच ठेवा. इथे फक्त त्यांची रेघ."

'ते' म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीचे एक चिनी सुलेखनकार. त्यांच्या शिलालेखाचे ठसे समोर ठेवून बाई चाळीस वर्षं गिरवत होत्या. नवऱ्याच्या संशोधनामुळे जपानमध्ये त्सुकुबाला आलेली मी दर बुधवारी त्यांच्या घरी कुंचला धरायला शिकायचे. रेघ सुरू करताना टोक आत लपवायचं, शेवटी दाबून हलकेच उचलायचं. बाईंची नक्कल इतकी हुबेहूब, की मूळ कुठलं ते मला कधीच ओळखता आलं नाही. आधी दुसऱ्याचा हात पुरता अंगात भिनू दे, मग तुझा आपोआप येईल, असं त्यांच्या गुरूंनी सांगितलं होतं म्हणे.

"आला का?" मी एकदा विचारलं.

"वाट बघतेय," त्या हसून म्हणाल्या.

गेल्या वर्षी त्यांचे यजमान अंथरुणाला खिळले. त्यांनी एकच मागितलं: माझं नाव तुझ्या अक्षरात लिहून दे, समोरच्या भिंतीवर लावू. बाई तीन दिवस बसल्या. प्रत्येक कागदावर तेच चिनी वळण. चौथ्या दिवशी त्यांनी कुंचला डाव्या हातात घेतला. अक्षर थरथरलं, वाकडं आलं, पण टोक लपलेलंच होतं.

यजमान तो कागद बराच वेळ बघत राहिले. "सुंदर आहे. पण यात तू कुठे आहेस?"

आठवड्याभराने ते गेले. शिकवणी बंद करताना बाईंनी मला हे सांगितलं, चहा ओतत, दुसऱ्याच कुणाची हकीकत सांगावी तसं.

पुढे एकदा सकाळी त्यांच्या दारात जाळायच्या कचऱ्याच्या चौदा पिशव्या दिसल्या. चाळीस वर्षांचे कागद.

"एक तरी मला द्या ना," मी म्हणाले.

"कशाला? मूळ संग्रहालयात आहे. ते बघून या."

आम्ही दोघींनी पिशव्या कोपऱ्यावर नेल्या, कावळ्यांनी फाडू नयेत म्हणून वर जाळी टाकली. गाडी आली. माणसांनी पिशव्या भराभर आत फेकल्या. गाडी वळेपर्यंत बाई निरोपाचा नमस्कार करत कमरेत वाकून उभ्या होत्या. मग त्यांनी जाळीची नीट घडी घातली आणि रस्ता झाडायला घेतला. त्या आठवड्यात गल्लीच्या सफाईची पाळी त्यांची होती.