धुकेवाडकर सरकारांची सतरा गावं

लाईट गेली की अख्ख्या शिवऱ्यात एकच माणूस खूश व्हायचा, आणि तो पिठाच्या गिरणीचा मालक होता. ज्याचा धंदाच विजेवर चालतो, त्याने वीज गेल्यावर हात झटकत, हसत बाहेरच्या बाकावर येऊन बसावं, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्या माणसाच्या व्यवहाराची काळजीच वाटली होती. आडनाव मुलाणी, पण सगळा गाव त्यांना गिरणीवाले चाचा म्हणायचा. भुवया, पापण्या, कानावरचे केस, सगळं पिठाने पांढरं. शुक्रवारी नमाजाला भोरला निघायचे तेव्हा अंघोळ करून भुवया काळ्या व्हायच्या, आणि त्या दिवशी ते आम्हालाच अनोळखी वाटायचे.

मी तेव्हा गावच्या दूध संस्थेत नुकताच सेक्रेटरी झालो होतो. गिरणी आमच्या संस्थेच्या भिंतीला लागून. पट्टा फिरायला लागला की आमच्या खिडकीची तावदानं थरथरायची. चाचा दळणाच्या बाबतीत कडक. पीठ खाली पडत असताना चिमटीत धरून बघायचे. हाताला गरम लागलं की जातं सैल करायचे. "गरम पिठाची भाकरी तव्यावर मोडती," म्हणायचे, "आन शिव्या मला पडत्यात." नाचणीचं दळण ज्वारीच्या मागे लागलं तर पहिलं मूठभर पीठ बाजूला काढून ठेवायचे. इथवर माणूस सरळ होता. लाईट गेली की मात्र ते दुसऱ्याच मुलखात जायचे.

त्या मुलखाचा रस्ताही त्यांनी सांगून ठेवला होता. "वरंधा घाटात पावसाळ्यात धुकं आलं की एस्टी थांबती का न्हाई? डायवर म्हनतो, फुडचं दिसत न्हाई. आरं, दिसत न्हाई, पन फुडं हाय ना! रस्ता खाली वळतो तितं आपन वळायचं न्हाई. सरळ जायचं, धुक्यावरनं. पाय टेकतोय का न्हाई ते बघायचं न्हाई. तितनं धुकेवाडकर सरकारांची हद्द चालू."

दळणाचे डबे रांगेत मांडून बसलेली माणसं गप्प व्हायची. लोडशेडिंगचे ते दिवस. लाईट दोन तासांत येईल की चार, कोणाला माहीत नसायचं. डबा सोडून घरी जावं तर नंबर जायचा. त्यामुळे चाचांना श्रोत्यांची कधी वाण पडली नाही.

धुकेवाडकरांचा मूळ पुरुष कोण, असं मी एकदा विचारलं. कोणत्याही घराण्याचा हिशेब तिथून सुरू होतो. चाचा म्हणाले, "मूळ पुरुष बाई व्हती." हिर्डोशीकडची एक बाई पहाटे जात्यावर नाचणी दळत होती. वरच्या मुलखाचा राजा, पाठीवर शत्रू घेऊन, तिच्या अंगणात येऊन लपला. बाईने काही विचारलं नाही, जातं तेवढं जोरात फिरवलं. पीठ उधळलं, वर गेलं, त्याचं धुकं झालं. शत्रूची फौज त्यात शिरली ती अजून रस्ता शोधते आहे. राजा म्हणाला, बाई, तुझं पीठ जिथवर पोचलं तिथवर तुझी जहागीर.

"आन एवढी नाचनी तिला दिली कुनी?" हा प्रश्न अनुसयाकाकूंचा. काकू चाचांपेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या, गिरणीशेजारीच राहायच्या, आणि दळण असो नसो, लाईट गेली की पदर खोचून यायच्या.

"राजानं दिली."

"मंग बाईचं काय गेलं?"

"हात दुकलं की, काकू!"

"त्ये खरं," काकू म्हणायच्या, आणि जहागीर मंजूर व्हायची.

या घराण्याच्या तिजोरीत सोनंनाणं नव्हतं, सावली होती. मुलूख ढगांच्या वर, तिथे ऊन अडवायला काही नाही, म्हणून सावली हीच दौलत. रयत सारा भरायची तो सावलीत, वितीने मोजून. उन्हाळ्यात ज्याला कमी पडेल त्याने सरकारवाड्यातून न्यायची, हिवाळ्यात परत करायची. घोडेथांब नावाच्या गावात घोड्यांना वजनच नव्हतं. खोगिरात दगड भरले नाहीत तर ते उडून जायचे. मी विचारलं, मग त्यांना दाणा किती लागायचा? चाचा माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाले, "सेक्रेटरी, दाना खाल्ला तर वजन नाय का येनार?" पडसादवाडीला शेतात फक्त प्रतिध्वनी पिकायचा, वाड्याच्या चौकात शांतता होऊ नये म्हणून तिथून दर सणाला पाट्या भरून यायच्या. उलटपाणी गावची नदी आठवड्यातून एक दिवस उलटी वाहायची.

मला खरं तर गोष्टींचं वेड नाही. बेरीज चुकली की मात्र मी अस्वस्थ होतो. मी त्या बाकाला चिकटलो तो त्यामुळेच. एका दुपारी चाचा सांगत होते, "गादीखाली नऊ गावं, धाकट्या सरकारांकडं पाच, थोरल्या बाईसाहेबांकडं तीन. सगळी मिळून अठरा."

"सतरा," मी म्हणालो.

चाचा थांबले. बोटांवर मोजलं. सगळे त्यांच्याकडे बघत होते. "अठरावं गाव धरनात गेलं," ते म्हणाले. "मी इसरलोच व्हतो."

"आवो सेक्रेटरी," काकू माझ्यावर उसळल्या, "तुमच्या बेरजेनं अख्खं गाव बुडालं की!"

सगळे हसले, पण पुरतं हसू आलं नाही कोणाला. आमच्या तालुक्यात गाव धरणात जाणं ही गमतीची गोष्ट नाही. रांगेत बसलेल्यांत दोघी जणी तशाच उठून आलेल्या घरांतल्या होत्या. चाचांच्या ते ध्यानात आलं असणार. पुढच्या वेळी लाईट गेली तेव्हा त्यांनी दुसरं काही काढलंच नाही. बुडालेल्या गावातलं एकेक घर उचलून त्यांनी उरलेल्या सतरा गावांत बसवलं; कोणाला नदीकाठ दिला, कोणाला तिजोरीतली सावली कायमची तोडून दिली, आणि गावातल्या देवळातली घंटा पडसादवाडीला नेली, म्हणजे तिचा आवाज पिकत राहील. त्या दोघींतली एक डबा उचलताना म्हणाली, "आमचं बी असं कुनी केलं आसतं तर." त्या दिवसापासून आकडा सतरा ठरला, आणि तो सांभाळायची जबाबदारी माझ्यावर आली. "सेक्रेटरी, हिशेब तुमी धरा," चाचा म्हणायचे, "माझ्याच्यानं दोन्ही व्हायचं न्हाई."

त्यांचा एक नियम मात्र कधी मोडला नाही. लाईट आली की गोष्ट बंद. वाक्य अर्धं असलं तरी अर्धंच. तोंडातला शब्द तोंडात ठेवून ते उठायचे, स्टार्टर दाबायचे, पट्टा वेग धरायचा आणि पुढचं काही ऐकू यायचं नाही. काकूंनी कितीदा शिव्या घातल्या, पण व्यर्थ. एकदा लग्नात कोणी मांडवात गोष्ट सांगायचा आग्रह केला तर वरच्या झुंबराकडे बोट दाखवून म्हणाले, "एवढ्या उजेडात सरकारांचा रस्ता सापडत न्हाई."

सरकारांच्या धाकट्या लेकीचं लग्न निघालं त्या वर्षीची गोष्ट. सोयरीक मोठ्या घराण्यात जमली होती. बोलणी चालू होती. व्याह्यांनी आंदण म्हणून एक गाव मागितलं. सरकार काय बोलतात, म्हणून सगळे पुढे सरकले आणि लाईट आली.

"मुडदा बशिवला त्या लाईटचा!" काकू ओरडल्या.

"बाकीचं उद्या," म्हणत चाचा आत गेले.

तो उद्या आलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हायवे ओलांडताना चाचांना टेम्पोचा धक्का लागला. रस्ता नुकताच रुंद झालेला. जुन्या सवयीने अर्धा रस्ता बघून पाऊल टाकलं. हातपाय शाबूत राहिले, मार डोक्याला. पुण्याच्या हॉस्पिटलात नेलं. शुद्ध आली, पण चाचा पहिल्यासारखे नाहीत, असं गावात बोललं जाऊ लागलं.

त्यांचा मुलगा सलीम पुण्यात एका वर्कशॉपमध्ये होता. मी आणि काकू भेटायला गेलो तेव्हा तो वॉर्डाच्या दारातच भेटला. डोळे सुजलेले. "काका, अब्बा मला हाक मारतात ती माझ्या चुलत्याच्या नावानं," तो म्हणाला. "डॉक्टर वार विचारतात, गाव विचारतात, तर हे भिंतीकडं बघतात. डॉक्टर म्हणाले, काही दिवस बघू. पण मी किती बघू? गिरणीचं काम आहे. पट्ट्यात हात गेला तर? मी ठरवलंय, गिरणी विकतो आणि अब्बांना इकडं आणतो. गिऱ्हाईक तुम्हीच बघा."

त्याचं काही चुकत नव्हतं. पण दोन खोल्यांच्या घरात, कधी लाईट न जाणाऱ्या गल्लीत, चाचा दिवसभर भिंतीकडे बघत बसलेले मला दिसले, आणि मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही.

चाचा खाटेवर टेकून बसले होते. डोक्याला पट्टी. भुवया काळ्याभोर. काकूंनी आणलेली भाकरी पुढे केली, ती त्यांनी चिमटीत धरून बघितली आणि ठेवून दिली. माझ्याकडे बघितलं, पण ओळखलं की नाही कळेना. मला जे येतं तेच मी विचारलं.

"चाचा, धुकेवाडकर सरकारांची गावं किती?"

चाचा हळूच म्हणाले, "सोळा."

सलीमने माझ्याकडे बघितलं. "बरोबर आहे का काका?"

खोटं सांगणं मला जमलं असतं तर बरं झालं असतं. "नाही," मी म्हणालो. "सतरा."

सलीमने मान खाली घातली. काकू पदराने तोंड दाबून खिडकीकडे वळल्या. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, बारीक, पण चिडलेला.

"सेक्रेटरी, लेकीला आंदन दिलं त्ये वजा कोन करनार?"

मी हॉस्पिटलात आहे हे विसरून मोठ्याने हसलो. काकू गर्रकन वळल्या. "दिलं व्हय? दिलं का गाव सरकारांनी?" समोरच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. सलीमला काही कळेना. त्याला मी ती अर्धी राहिलेली बोलणी, ते मागितलेलं गाव, मधेच आलेली लाईट, सगळं सांगितलं. अपघाताच्या आदल्या दिवशी जिथे थांबले होते, तिथून चाचा नेमके पुढे गेले होते. नुसतं आठवलं नव्हतं, त्यातून वजाबाकीही केली होती.

सलीम खाटेच्या कडेला बसला. लहानपणी तोही त्याच बाकावर वाढला होता. "अब्बा," तो म्हणाला, "कोणतं गाव दिलं?"

चाचांनी डोळे मिटले. "लाईट गेल्यावर सांगीन, सलीम."

मुलाचं नाव त्यांनी बरोबर घेतलं, हे आम्हा दोघांच्या ध्यानात काकूंच्या नंतर आलं. काकू तर तोवर रडून हसून मोकळ्या झाल्या होत्या. परत येताना एस्टीत त्या खिडकीला डोकं टेकून अशा गाढ झोपल्या की शिवऱ्याला मला त्यांना हलवून उठवावं लागलं.

गिरणी विकली नाही. डॉक्टरांनी महिन्याने चाचांना घरी सोडलं. सलीमने दोन रविवार येऊन पट्ट्याला जाळी बसवली आणि स्टार्टर दाराजवळ घेतला. चाचा तिसऱ्या महिन्यात कामावर आले, पीठ चिमटीत धरून बघू लागले, आणि पहिल्यांदा लाईट गेली त्या दिवशी गिरणीपुढे जत्रा भरल्यासारखी माणसं. निम्म्यांकडे दळणच नव्हतं.

सरकारांनी लेकीला उलटपाणी दिलं होतं. व्याही नाराज झाले; म्हणाले, चांगली घोडेथांबसारखी गावं सोडून हे कसलं आंदण? सरकार म्हणाले, नदी आठवड्यातून एकदा उलटी वाहते. त्या दिवशी होडीत बसायचं, वल्हं मारायला लागत नाही. पोरगी थेट माहेरच्या पायरीला. काकूंची थोरली मुलगी कोकणात दिलेली, वर्षाला एकदा यायची. त्या दिवशी काकूंनी काही शंका काढली नाही. लाईट लवकर आली तेव्हा शिवीही दिली नाही.

पुढे किती तरी वर्षं ती गिरणी चालली. माझ्या मनात मात्र एक शंका राहून गेली होती आणि मी ती एकदा विचारलीच. बाकावर आम्ही दोघेच होतो. "चाचा, खरं सांगा. हॉस्पिटलात तुम्ही सतराचा आकडा विसरला होता आणि मी चूक काढल्यावर आंदण सुचलं, असं तर नाही?"

चाचांनी भुवईवरचं पीठ पुसलं. "सेक्रेटरी, समजा इसरलो. आन तितल्या तितं पोरीचं लगीन लावून एक गाव कमी केलं. तर त्ये डोकं बिघाडलं म्हनायचं का ठिकानावर आलं म्हनायचं?"

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात लाईट आली आणि ते उठले.

चाचा गेले ते घरीच, झोपेत, कोणाला त्रास न देता. मातीला सगळा गाव होता. काकू तोवर राहिल्या नव्हत्या. नंतर सलीम माझ्याजवळ येऊन उभा राहिला. गिरणी आता तो चालवणार नव्हता, ते मला ठाऊक होतं आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. जितकी चालायची होती तितकी ती चालली होती. रुमालाने तोंड पुसून त्याने विचारलं, "काका, आता गावं किती राहिली?"

"सोळा," मी म्हणालो. "एकही कमी झालेलं नाही."