बरा झालेला उंदीर

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी, अंधेरीच्या कॉलेजात, आम्ही दोघी मिळून उंदरांना मुद्दाम आजारी पाडत होतो. गटारातल्या उंदरांच्या रक्तात वळवळणारे परजीवी असतात, ते आम्ही पांढऱ्या उंदरांच्या कोवळ्या पिल्लांना टोचले. बरीच मेली. एक तगलं.

माझी जोडीदारीण जोगेश्वरीहून यायची. त्या पिल्लाला ती घरून भिजवलेले चणे आणायची. त्याच्या रक्तातले परजीवी नाहीसे झाले, तसं तिने आनंदाने आमच्या प्रकल्पाच्या सरांना सांगितलं.

सर म्हणाले, आता याचं सगळं रक्त काढा. तिने विचारलं, शेपटीतून थोडं घेतलं तर चालणार नाही का? सर सगळ्यांदेखत हसले. मी सुई घ्यायला पुढे झाले, तर त्यांनी मला हातानेच थांबवलं.

"लाड हिने केलेत ना? हीच काढेल."

गुंगीच्या ईथरच्या बोळ्याने तो उंदीर पुरता सुस्तावलाही नव्हता. सर म्हणाले, पुरे. तिने छातीत सुई घातली. सिरिंज भरेपर्यंत तो मागचे पाय झाडत होता. सर शेजारी उभे राहून कोणाशी तरी चहाचं बोलत होते.

रक्त गोठल्यावर वर पिवळसर पाणी उरलं. त्यात प्रतिपिंडं होती. ती एका टोकाने परजीवीला धरतात, दुसऱ्या टोकाने रक्षक पेशीला, म्हणजे पेशीला शत्रू पकडता येतो. दुसऱ्या एका उंदराच्या पोटातून धुऊन काढलेल्या पेशी आम्ही काचपट्टीवर घेतल्या. नुसते परजीवी सोडले, तर ते पेशींना चाटून निसटून जात. ते पाणी घातलं आणि एकेक जण पेशीला चिकटला.

सरांनी तिला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. "बघ, तुझ्या लाडक्याने धरून दिलेत."

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "सर, हे अजून जिवंत आहेत. सुटायला बघतायत."

"पेशी खातील त्यांना हळूहळू," सर म्हणाले.

निकाल चांगला आला म्हणून सरांना आणखी बरे झालेले उंदीर हवे होते. ते तिनेच मारले. तिला सांगावंही लागलं नाही.

पुढे मुलुंडला एका औषध कंपनीत तिला नोकरी लागली, प्राण्यांच्या विभागात. मी भेटायला गेले तेव्हा तिने मला आत नेलं नाही. गेटबाहेर चहा पाजला आणि माझ्या लग्नाचं विचारत राहिली.