शिंगाड्याच्या वेलींखालचे पाणी

अश्विनात धारच्या तलावावर शिंगाड्याचे वेल पसरले की पाणी दिसेनासे होते. उरतो एक हिरवा, किंचित कुजका वास, आणि काठावर उभ्या माणसाला वाटत राहते की ही जमीनच आहे, हिच्यावर पाऊल टाकता येईल. तो वास आला की आजही माझे पाऊल मागे सरते.

संस्थान विलीन झाले त्या वर्षी मी घरात नवी सून होते. मामंजी दरबारचे चोपदार. महाराज येताना ते देत ती ललकारी म्हणे बाजारापर्यंत ऐकू जाई. दरबार सरला आणि त्यांचे बोलणेही सरले. खिडक्या लावून ते माजघरात बसून राहत. वैद्यबुवा म्हणाले, "याला औषध नाही. रोज सांजेला मोकळ्या हवेत न्या." हे इंदूरच्या गिरणीत, सासूबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून पदर पुढे ओढून मीच त्यांच्या मागून चालू लागले. सासऱ्यांसमोर सुनेने तोंड उघडायचे नाही, ही घरची रीत.

हवेचा गुण आला तो आधी मला. भरत आलेली ज्वारी, पिवळ्या फुलांच्या बाभळी, उतरते ऊन. चुलीच्या धुराने कोंदलेले मन तिथे हलके होई. मामंजींची पाठही ताठ होऊ लागली. मात्र वाट ते तलावाचीच धरत, आणि रोज काठाच्या थोडे अधिक जवळ उभे राहत. शिंगाडे काढणारा म्हातारा डोंगीतून मला म्हणाला, "बई, दासाब के यां मत लाव, पाणी घणो ऊंडो हे." मामंजींना इथे आणू नये, पाणी खोल आहे, हे मलाही कळत होते, पण घरी सांगितले असते तर फिरणे थांबले असते, आणि पुन्हा त्या बंद खिडक्या.

एका सांजेला वारा पडला होता. मामंजींनी वहाणा काढून नीट जोडून ठेवल्या आणि घाटाच्या पायऱ्या उतरू लागले. पाणी पोटऱ्यांना लागले, मग गुडघ्यांना. "मामंजी!" मी किंचाळले. ते थांबले, कितीतरी वेळ पाठमोरेच उभे राहिले, मग ओल्या धोतराने परत आले.

"केवढ्यांदा ओरडलीस, सूनबाई," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी प्रथमच ऐकत होते.

मामंजी बोलू लागले म्हणून सासूबाई हरखल्या. आम्ही दोघांनीही बाकीचे सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी ते आपणहून दाराशी येऊन म्हणाले, "येतेस ना?" त्यांना हवा ओढत होती की ते पाणी, मला कळले नाही. मी पदर खोचला, आणि त्या दिवसापासून मागून नव्हे, त्यांच्या शेजारून, पाण्याच्या बाजूने चालू लागले.