आलापल्लीच्या जंगलातलं जर्मन विमान

"जर्मन विमान बघायला लोक जर्मनीला जातात, तुम्ही निघालात आलापल्लीला," बायको म्हणाली आणि डब्यात चार पोळ्या जास्तीच्या घातल्या. हसायचं नाटक करत मी डबा उचलला.

पहिल्या महायुद्धातल्या एका जर्मन लढाऊ स्क्वाड्रनचं, म्हणजे विमानांच्या तुकडीचं, वेड मला वीस वर्षांपासून आहे. जर्मनांच्या अगदी पहिल्या स्क्वाड्रनपैकी ती एक. आलापल्लीपलीकडच्या एका गावातले शिक्षक लालसूभाऊ यांनी ओळखीतून मला एक फोटो पाठवला होता. त्यात होतं पिवळं पडलेलं कापड, त्यावर काळा क्रूस आणि शेजारी तीन ठिगळं. लालसूभाऊंचे पणजोबा इंग्रजांच्या मजूर पलटणीतून फ्रान्सला गेले होते. तिथे पडलेल्या विमानाच्या पंखाचं ते कापड पावसात अंगावर घ्यायला त्यांनी कापून आणलं. ती तीन ठिगळं मी लगेच ओळखली. गोळीची भोकं बुजवून ठिगळावर खूण रंगवायची त्या वैमानिकांची रीत होती. त्याच जागी तशीच तीन ठिगळं असलेलं नेमकं तेच विमान माझ्या संग्रहातल्या एका फोटोत आहे.

नागपूरहून पहाटे निघालो. नागभीडला चहा-पोहे, गडचिरोलीत जेवण. सव्वाशेच्या थाळीत वांग्याची भाजी झणझणीत मिळते. पेट्रोल आणि रोख पैसे आलापल्लीतच घेऊन ठेवा, पुढे भरवसा नाही. सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक समोरून आले की लाल धुळीत रस्ता दिसेनासा होतो. माझे हात स्टीअरिंगला चिकटले होते. फोनची रेंज गेली तेव्हा तर मागे फिरावंसं वाटलं, पण ते काही ट्रकांमुळे नव्हतं.

लालसूभाऊंनी फोनवर घरची रीत सांगितली होती. नवा तांदूळ घरात आला की आधी मेलेल्यांना वाढतात. या घरात एक पान जास्तीचं असतं, त्या जर्मनाचं. मेलेल्याचं कापड घेतलं तर त्याला जेवू घालायला हवं, असं पणजोबा सांगून गेले. तेव्हाच्या वैमानिकांकडे पॅराशूट नसे. विमान पडलं म्हणजे माणूस गेला, असंच त्यांनी धरलं. पण माझ्या फोटोत पडलेल्या विमानाशेजारी त्याचा वैमानिक डोक्याला पट्टी बांधून इंग्रज शिपायांमध्ये उभा आहे, जिवंत. इतक्या वर्षांची त्यांची रीत मी एका फोटोनं मोडायची का? रस्ताभर मला हेच खात होतं.

पोचलो तेव्हा अंगणात पानं मांडणं चाललं होतं. लालसूभाऊंची आई चैतीबाई थकलेल्या, भिंतीला टेकून बसलेल्या. यंदापासून हे सगळं मुलाच्या हाती द्यायचं त्यांच्या मनात होतं.

"त्या जर्मनाचं काय झालं, मले खरं सांगा," त्या म्हणाल्या. "पोराले खोटं नाई शिकवाचं मले."

मी मोबाईल पुढे केला. "बाई, तो पडला, पण मेला नाही. कैद झाला."

चैतीबाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे जित्या माणसाचं कापड नेलं आमच्या बुढ्यानं? इचारलं बी नाई त्याले?"

लालसूभाऊंचा हात शेवटच्या पानावर थांबला. "मंग हे उचलू का, माय?"

कशाला आलो इथे, असं मला झालं. धावत जाऊन गाडीत बसावंसं वाटलं.

चैतीबाईंनी फोटो पुन्हा डोळ्यांजवळ धरला. "लई लहान पोरगा दिसून राह्यला हा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता त मेला असन ना?"

"हो बाई, कधीचाच."

"मंग उचलता काऊन? तवा नसन मेला, आता त मेला. आन् कापड त अजून आपल्याच घरी आहे." मग मुलाला म्हणाल्या, "वाढ त्याले. थोडा जास्त वाढ."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायचंही सुचलं नाही. नंतर आम्हीही तोच भात खाल्ला, डाळ आणि अंबाडीच्या भाजीबरोबर. उजेड असेतो आलापल्ली गाठा, असं लालसूभाऊंनी बजावलं. तुम्हीही हे पाळा, त्या रस्त्यावर अंधारात चालवू नका.

घरी आल्यावर संग्रहातून तो फोटो बाहेर काढला. त्याखाली मी पूर्वी 'कैद' एवढंच लिहून पुढच्या विमानाकडे वळलो होतो. विमानाचं इंजिन, बंदुका, रंग, सगळं मला तोंडपाठ आहे. तो पोरगा सुटला का, घरी पोचला का, हे मात्र कधी शोधलंच नाही. आता शोधतो आहे, अजून काही सापडलेलं नाही. त्याच्या घरी त्याची आठवण कोणाला असेल की नाही, कोण जाणे. आलापल्लीपलीकडे दरवर्षी त्याचं पान मांडलेलं असतं.